तीन ठिपक्यांचा पाटा

माझ्या पत्नीच्या मामांनी जुन्या गाड्यांच्या पोटाखाली जितका वेळ काढला आहे, तितका सोलापुरातल्या कोणी गाडीच्या आत बसूनही काढला नसेल. मामांना गाडीचा रंग दिसत नाही, इंजिन किती चालले याच्याशी देणेघेणे नाही. त्यांची नजर थेट मागच्या चाकाजवळच्या कमानीवर जाते. ही कमान म्हणजे एकावर एक रचून बांधलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या, ज्यांना पाटे म्हणतात. कमानीतला कोणता पाटा कंपनीतून आलेला आणि कोणता नंतर बदललेला, हे ओळखणे हा मामांचा धंदा कधीच नव्हता. आयुष्याचे प्रयोजन मात्र होते.

त्यासाठी त्यांचे हत्यार एकच, चहाचा स्टीलचा चमचा. इतर लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, मामा चमचा ठेवतात. पाट्याच्या कडेवर चमचा मारायचा, डोळे मिटायचे आणि नाद विरेपर्यंत श्वास रोखायचा. मग टोकावर अंगठा फिरवायचा. कंपनीचा पाटा टोकाला निमुळता होत जातो, बदललेला बहुतेक वेळा सरळ कापलेला असतो. शेवटी निकाल: "कंपनीचा", किंवा तोंड कडू करून, "बदललेला". मामींच्या सहा चमच्यांच्या संचात माझ्या माहितीत कधीही चारापेक्षा जास्त चमचे नव्हते.

माझ्या लग्नात अंतरपाट धरला गेला आणि भटजींनी मुलीच्या मामांना हाक दिली. मामा नव्हते. शोधाशोध झाली. वरातीसाठी सजवलेल्या जुन्या अँबॅसिडरखालून दोन पाय बाहेर आलेले कोणाला तरी दिसले. मुहूर्ताला चार मिनिटे असताना मामा भाचीला घेऊन बोहल्यावर आले. तिच्या शालूवरचा ग्रीसचा डाग आजही तसाच आहे. माझ्या कानाशी वाकून मामांनी दिलेला आशीर्वाद असा: "उजवीकडचा दुसरा बदललेला हाय, जावईबापू. वरातीत खड्डा बघून चला."

हा निकष ते माणसांनाही लावत. शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या दातांबद्दल त्यांनी भर बैठकीत सांगितले होते, "वरचे कंपनीचे, खालचे बदललेले." जुळे सोलापूर या उपनगरातल्या त्यांच्या इमारतीखाली नव्या गाड्यांची रांग असते. पाटे नसलेल्या त्या गाड्यांकडे मामा कणा नसलेल्या माणसांकडे पाहावे तसे पाहत. पाण्याचे जार आणणाऱ्या टेम्पोला तेवढा मान होता. तो आला की मामा खाली उतरत.

ही विद्या त्यांनी विशीत कमावली. एका उस्तादांच्या भट्टीवर ते सहा वर्षे तुटलेल्या पाट्यांच्या जागी बसवायचे पाटे घडवत होते. लाल पोलाद वाकवायचे, त्याला पाणी द्यायचे, पुन्हा तापवायचे. तिथली रीत वेगळी होती. तीन कारागिरांनी घडवलेले पाटे संध्याकाळी उस्तादांसमोर ठेवायचे आणि घरी जायचे. ते गेल्यावर उस्ताद एकेक पाटा तपासत. पसंत पडला तर त्याच्या आतल्या अंगावर, म्हणजे कमानीत झाकल्या जाणाऱ्या बाजूवर, छिन्नीने चंद्रकोर कोरत आणि खाली कारागिराच्या क्रमांकाइतके ठिपके देत. नापसंत पाटा पुन्हा भट्टीत जाई. कोणाचा काय निकाल लागला, हे मात्र कधीच सांगत नसत. "तारीफ सुने तो हाथ बिगडता," एवढेच म्हणत.

कारागिरांना निकाल कळे तो उलट्या वाटेने. उस्तादांच्या भट्टीवर बसवलेली कमान तुटून दुरुस्तीला आली की पाटे सुटे होत आणि आतली खूण दिसे. एक ठिपका दिसे, दोन ठिपके दिसत. मामा तिसरे कारागीर. सहा वर्षांत चंद्रकोरीखाली तीन ठिपके त्यांना एकदाही दिसले नाहीत. आपले सगळे पाटे भट्टीतच गेले, असे समजून त्यांनी ते काम सोडले आणि एका मालवाहतूकवाल्याच्या वर्कशॉपमध्ये नट आवळण्याची नोकरी धरली. बदललेल्या पाट्यांबद्दलचा त्यांचा तिरस्कार तिथून सुरू झाला असावा.

गेल्या हिवाळ्यात शहरात जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरले. मामांचे व्याही, म्हणजे त्यांच्या मुलीचे सासरे, मोडनिंबहून आपली अँबॅसिडर घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी ती सोलापुरातल्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. सगळे भाग मूळचे असलेल्या गाडीला पहिले बक्षीस होते, आणि व्याह्यांनी ते मिळाल्यासारखाच फेटा बांधला होता. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी डाव्या कमानीपाशी पेन थांबवले. कमान आवळणारी पकड निराळी आहे, म्हणजे ही कमान कधीतरी उघडलेली आहे. आतला पाटा बदललेला असणार, असे त्यांचे मत पडले.

मामा आधीच गाडीखाली होते. आतून चमच्याचा आवाज आला, नंतर मामा आले. पाचही पाटे एका सुरात बोलतात, टोके निमुळती आहेत, पकड बदलली असेल पण पोलाद कंपनीचेच, असे त्यांनी सांगितले. परीक्षक सौम्यपणे हसले. ते हसणे मामांना लागले.

"उघडा कमान," ते म्हणाले. "एक जरी पाटा बदललेला निघाला, तर आजपास्नं मी गाडीखाली वाकणार न्हाय."

व्याह्यांनी मान हलवली. "उघडा की. आमच्या पाव्हण्यांचा शब्द हाय."

गाडी उचलली गेली, बोल्ट सुटले. तासाभरात मैदानातली निम्मी गर्दी त्या कमानीभोवती होती. पहिला पाटा वेगळा झाला, कंपनीचा शिक्का. मामांनी परीक्षकांकडे पाहिले. दुसऱ्या पाट्यावरचे काळे ग्रीस त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसले. चंद्रकोर दिसली. मामांचा हात थांबला. मग त्यांनी खालचे बोटभर ग्रीस पुसले. एक, दोन, तीन ठिपके.

व्याह्यांनी विचारले तेव्हा, माझ्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा, मामा म्हणाले, "चुकलो. ह्यो बदललेला हाय." आणि थोड्या वेळाने, "माझा हाय."

भट्टीची हकीकत त्यांनी तुटक तुटक सांगितली. सहा वर्षांत तीन ठिपके कधी दिसले नाहीत, हेही सांगितले. व्याही ऐकत होते. बक्षीस गेले होते आणि फेटा डोक्यावर तसाच होता.

"पाव्हणं," ते म्हणाले, "दिसंल कसा? तुटला असता तर परत आला असता की."

गर्दीत कोणीतरी टाळी वाजवली आणि मग ती थांबेना. परीक्षकांनी मामांकडून चमचा मागून घेतला, मूळ पाटा आणि मामांचा पाटा आळीपाळीने वाजवले, पुन्हा वाजवले, आणि फरक कळत नाही असे सर्वांसमोर मान्य केले. पहिले बक्षीस दुसऱ्याच एका चकचकीत गाडीला गेले. तिच्याभोवती तिचा मालक आणि फोटोग्राफर एवढेच उरले होते. व्याह्यांनी पेढे आणले. हरलेल्या गाडीच्या वतीने मैदानभर पेढे वाटले गेले. मग तोच पाटा त्याच जागी बसवून मामांना पुढच्या सीटवर बसवले आणि गाडी शहरातून वाजतगाजत नव्हे, पण हॉर्न वाजवत निघाली. वाटेतला एकही खड्डा व्याह्यांनी चुकवला नाही. प्रत्येक खड्ड्याला मामा मागे वळून डावीकडे पाहत होते.

शब्द तो शब्द. मामा आता गाडीखाली वाकत नाहीत. मामींच्या संचात सहा चमचे आहेत. जार आणणारा टेम्पो येतो नि जातो. मामा फाटकाजवळच्या बाकावर बसून असतात. व्याह्यांची गाडी आली की फाटकासमोरच्या गतिरोधकावर तिची मागची बाजू एकदा दबते आणि उठते, तेवढे ते पाहतात.

उस्तादांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. भट्टीच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. परवा त्या बाकावर बसून मी विचारले, उस्ताद आज असते तर तुमचा पाटा पसंत पडला होता, हे सांगितले असते का त्यांनी?

मामा रिकाम्या खिशावर हात ठेवून गतिरोधकाकडे पाहत राहिले.

"आता सांगाय हरकत न्हवती," ते म्हणाले. "आता हात बिघडला तरी चालतंय की."