उतरतं रेटिंग

लातुरात मी शिकवायचो त्या शाळेसमोर एका मिस्त्रींचं पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. मधल्या सुट्टीत मी तिथं बुद्धिबळ खेळायला जायचो आणि रोज हरायचो. जिंकणारी चाल केली की ते फक्त "बघा सर" म्हणत आणि पुन्हा तांब्याची तार गुंडाळायला लागत. त्यांचं रेटिंग, म्हणजे स्पर्धांतल्या निकालांवरून ठरणारा गुणांक, सतराशेच्या वर होतं. आमच्या भागात तेवढं कुणाचंच नव्हतं.

गेल्या दोन वर्षांत ते स्पर्धेगणिक उतरत गेलं. मी म्हणालो, "वय झालं, चालायचंच."

"न्हाई सर. जुने डाव सगळे पाठ हायत, झोपेतबी सांगीन. पण म्होरचा पट डोक्यात ऱ्हाईना झालाय."

नांदेडच्या स्पर्धेत मी त्यांच्या मागेच उभा होतो. समोर एक शाळकरी मुलगी होती आणि डाव सरळ यांच्या हातात होता. बराच वेळ ते पटाकडे बघत राहिले. मग घड्याळ थांबवून त्यांनी हार मानली आणि हात पुढे केला.

मुलगी गोंधळली. "काका, तुम्ही जिंकत होता की!"

"आसंल बाळ. पण माझ्या सोंगट्या काळ्या का पांढऱ्या, तेच आठवंना."

बाहेर येताच त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "घरी हे बोलू नका. रेटिंग उतरलं म्हणून तोंड पडलंय, एवढंच सांगा."

परतल्यावर त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, दारातच काय झालं ते विचारलं. मी तेवढंच सांगितलं.

त्या मोकळेपणानं हसल्या. "एवढंच व्हय? मी लई भ्याले होते."