बैलांसाठी राखलेली जागा

माझे अब्बा नालबंद होते. बैलाला दोरानं पाडायचं, पाय बांधायचे, खूर तासायचे आणि नाल ठोकायचे, हा आमच्या घराण्याचा धंदा. भातकुलीच्या बाजूच्या आमच्या गावात असा बैल नसेल, ज्याचा पाय अब्बांनी मांडीवर घेतला नाही. त्याबद्दल गावानं आम्हाला राहायला जागा दिली होती. दिली कसली, पाटलांच्या खळ्याच्या कोपऱ्यात राहू दिलं होतं. मातीच्या भिंती, वर टिनं. पाऊस लागला की अम्मी घरातली सगळी भांडी गळतीखाली मांडायची आणि मग स्वयंपाक कशात करायचा म्हणून आमच्यावर ओरडायची. त्या घरात मी वाढले आणि तिथूनच मला अकोल्याला दिली.

मग ट्रॅक्टर आले. बैल गेले बाजारात आणि अब्बांची हातोडी गेली पेटीत. इथपर्यंत माझी कोणाबद्दल तक्रार नाही. ट्रॅक्टरला नाल लागत नाहीत, त्याला कोण काय करणार?

तक्रार पुढची आहे. अम्मी गेल्यावर अब्बांना घरकुल मंजूर झालं. आता घरकुलाची गंमत अशी, की घर बांधायला सरकार मदत करतं, पण जमीन तुमची लागते. आमच्या नावावर दाराची चौकटसुद्धा नव्हती. गावात आमच्यासारखी आणखी चार-दोन घरं होती, कोणी मजुरीवाले, कोणी नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात जाणारे. गावाच्या कडेला सरकारी पडीत जागा आहे. तिच्यातला तुकडा ग्रामपंचायतीनं ठराव करून दिला, की सगळ्यांचं भागत होतं. अब्बांचं मागणं काही मोठं नव्हतं. "अपनी चार दीवारें होना, बस. मेरा जनाजा दूसरे के खले से नहीं उठना," एवढंच ते म्हणायचे. अकोल्याला माझ्याकडे चला म्हटलं की मान हलवायचे. लेकीच्या घरी राहायचं नाही आणि गाव सोडून मरायचं नाही, असे दोन्ही हट्ट.

ग्रामसभेला मी मुद्दाम आले. गाडीनं बडनेऱ्याला उतरले, तिथून ऑटो. सरपंच माझ्याच वर्गातला, लहानपणी आमच्या घरी पाणी प्यायलेला. विषय निघाला तोच मागून एक म्हातारा बोलला, "तिथी घरं झाली त पोयाले बैल कुठी उभे राह्यतीन?"

झालं. अख्खी सभा हळवी झाली. ज्यांनी गोठा पाडून तिथं ट्रॅक्टर लावला होता, तेही माना डोलवायला लागले. त्या पडीत जागेवर पोळ्याचं तोरण लागतं, हे खरं. आणि मागच्या पोळ्याला त्या तोरणाखाली दोनच जोड्या होत्या, बाकी सगळे हार घातलेले ट्रॅक्टर, हेही तितकंच खरं.

मी उठले. "काहून रे," सरपंचाला म्हटलं, "गावात बैल हाये कोनाकडं, सांग ना मले."

"तसं नाही बाई. परंपरा हाये आपली. अन् चाचाले कोन नाही म्हनते? चाचा आपलेच हाये. पन आज चाचा, उद्या कोनीबी येईन. कॉलनी होऊन जाईन तिथी."

"कोनीबी म्हंजे कोन?"

तो हसला आणि समोरचे कागद सारखे करत बसला. उत्तर मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ही गोड बोलणारी माणसं आमच्याकडे ईदेला शिरखुर्मा प्यायला येतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून त्याला 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणतात, तेव्हा अब्बांना हाक मारून शेजारी उभं करायचे. बैलाला आवतण होतं. आम्हाला जागेचं विचारलं की परंपरा आडवी येत होती.

अब्बा उठले आणि त्यांनी माझाच हात धरला. "चल. बैलां की बात तो सही है," म्हणाले. मला त्यांचाही राग आला. बैलाचं नाव निघालं की हा माणूस भांडायचं विसरतो. ठराव बारगळला. कारखान्यात जाणारी घरं अमरावतीला भाड्यानं राहायला गेली, अब्बा खळ्यातच राहिले.

पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई रचून सांगते. गावातली शेवटची जोडीही विकली गेली आणि गावाला लाज वाटायला लागली. तोरणाखाली उभं काय करायचं? मग पोरांनी टूम काढली, बैलजोडीचा पुतळा करायचा. सिमेंटची जोडी, अंगावर रंगवलेली झूल, शिंगं सोनेरी. रंग पावसात जाऊ नये म्हणून चार खांब आणि वर स्लॅब, खाली फरशी, वर दिवा. बैल गेला अन् झोपा केला असं आपण म्हणतो, आमच्या गावानं तो वर्गणी काढून केला. जागा तीच. तिथं बांधकाम झालं तर पोळ्याला अडचण होईल, हे या वेळी कोणाला आठवलं नाही.

उद्घाटन पोळ्यालाच होतं. सरपंचाचा मला फोन आला, "चाचाचा सत्कार ठेवला हाये. गावच्या बैलायची त्यायनं लय सेवा केली. तू बी ये."

"चुलीत घाल तुहा सत्कार," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पण अब्बा जाणार होते, आणि त्यांना एकट्याला पाठवणं मला जमेना. घराची मागची भिंत त्या पावसाळ्यात बसली होती. तिथं ताडपत्री बांधून ते निजत होते. पेटीतून त्यांचा पांढरा कुर्ता काढला, तर तोही ओलसर लागला.

झिमझिम सुरू होती. भाषणं झाली, शाल-नारळ झालं, अब्बांना दोन सिमेंटच्या बैलांच्या मधे उभं केलं. सवयीनं ते खाली वाकले आणि एका बैलाचा खूर चाचपून बघितला. मग सरळ झाले आणि वर बघत राहिले. फोटोवाला इकडं पाहा, इकडं पाहा म्हणत होता, त्यांचं लक्ष नव्हतं.

मी जवळ गेले. "क्या देख रहे, अब्बा?"

माझ्याशी ते कधी मराठीत बोलत नसत, त्या दिवशी बोलले. "पानी गळत नाही इथी. एक थेंब नाही."

लोकांना वाटलं, चाचा बांधकामाची तारीफ करतात. टाळ्या पडल्या.

हिवाळ्यात अब्बा गेले. जनाजा पाटलांच्या खळ्यातूनच उठला. खांदा द्यायला सगळं गाव आलं होतं, सरपंच पुढं होता.