बारीक अक्षरांचं कार्ड

बालानगरच्या कारखान्यातल्या शेडमध्ये त्रिवेणी अप्रेंटिस म्हणून लागली, तेव्हा नल्लकुंट्यातल्या शेजारणींना वाटलं, पोरगी दवाखान्यात चिकटली. तपासणीचं काम म्हटल्यावर बिचाऱ्यांना दुसरं काय सुचणार! लोखंडही तपासावं लागतं, न फोडता, न कापता, हे कुणाकुणाला समजावत बसायचं? दोनचार दिवसांनी तिनं सांगणंच सोडून दिलं.

शिकवायला होते हिम्मतराव. मूळचे बिदरकडचे शेतकरी, पण या शेडमध्ये पस्तीस वर्षं काढलेले आणि तोंडानं तिखट. वाफेच्या व्हॉल्व्हचे ओतीव तुकडे यायचे. ते पुसून लाल रंग फवारायचा, मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वर पांढरी पूड मारायची. कुठं केसाएवढी चीर असली, तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर हळूहळू उमटायचा. पहिल्याच आठवड्यात त्रिवेणीनं घाईनं रंग लवकर पुसला, तर हिम्मतरावांनी तोच तुकडा तिच्याकडून अकरा वेळा करून घेतला. "डोळ्याला दिसलं तेच रजिस्टरात लिहायचं, पोरी. माणूस बघून लिहायचं नाही," हे त्यांचं पालुपद. बाप लहानपणीच गेलेला, त्यामुळे तिला असं हक्कानं कुणी रागावलंच नव्हतं. ती बोलणी खायची, आणि खोटं कशाला सांगा, तिला ते आवडायचं.

तपासणाऱ्याचे डोळेही दरवर्षी तपासतात. बारीक अक्षरांचं इंग्रजी कार्ड हातभर अंतरावर धरून मॅनेजरसमोर मोठ्यानं वाचायचं. वाचता आलं नाही तर सही बंद, म्हणजे कामच बंद. शेडमधलं कार्ड हाताळून तेलकट झालं होतं, कोपरे उडाले होते. मॅनेजर म्हणाले, नवीन आणा कुणीतरी. त्रिवेणी मेली कामसू! त्याच संध्याकाळी आबिड्सच्या बाजारात जाऊन घेऊन आली. त्यावरचा मजकूर वेगळा होता. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि वाटण्यासारखं होतं तरी काय?

परीक्षेच्या दिवशी हिम्मतरावांनी कार्ड हातात घेतलं, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. न अडखळता शेवटच्या बारीक ओळीपर्यंत गेले. सगळं जुनं कार्ड होतं. हातात नवं, तोंडात जुनं. शेडमध्ये कुणी हसलं नाही. मॅनेजरनी ते कार्ड हळूच त्यांच्या हातातून काढून घेतलं, तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी त्रिवेणी उभी होती त्या बाजूला तोंड वळवलं, आणि तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

रक्तातल्या साखरेनं डोळ्यांचा पडदा खाल्ला होता. चष्म्यानं भागणारं दुखणं नव्हतं. दोन वर्षं ते पाठांतरावर निभावत होते आणि बोटांच्या अंदाजावर तुकडे पास करत होते. लाल रेघ दिसली तर दिसली. तीही बहुतेक वेळा त्रिवेणीच आधी दाखवायची, आणि ते म्हणायचे, हौ, बघितली मी. तिला वाटायचं, काका आपली परीक्षा घेतात.

अलीकडचे चौसष्ट तुकडे नशिबानं गोदामातच होते. ते पुन्हा तपासायचं ठरलं. रंग त्रिवेणीनं मारायचा, पडताळून सही मॅनेजरनी करायची. चार दिवस ती मनोमन एकच मागत होती, काकांनी पास केलेल्यात काही निघू नये. तीन निघाले. तिनं जसं दिसलं तसं लिहिलं.

पाचव्या दिवशी हिम्मतराव आपला डबा आणि कामावरचा कोट न्यायला आले. कार्डाचा विषय तिनंच काढला, तर म्हणाले, तू कामच केलंस. मग टेबल चाचपून स्टूल ओढून बसले.

"किती निघाले?"

"एकही नाही, काका."

"वाचून दाखव."

तिनं रजिस्टर उघडलं आणि ओळीनं वाचत गेली. दोष नाही, पास. दोष नाही, पास. एकोणिसावा आला, तेहतिसावा आला, पन्नासावा आला. तिन्ही ठिकाणी तिच्याच अक्षरात 'चीर, नापास' लिहिलेलं होतं. तिथंही ती त्याच आवाजात 'दोष नाही, पास' असंच वाचत गेली. हिम्मतराव मान खाली घालून ऐकत होते, बोटांवर मोजत होते. चौसष्ट पुरे झाल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला.

"माणूस बघून लिहिलं नाहीस ना?"

"नाही काका, लिहिलं नाही."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पायानं उंबरा शोधत बाहेर पडले. तेवढं एकच तिनं त्यांना खरं सांगितलं होतं. मग तिनं रजिस्टर मिटलं आणि त्याच स्टुलावर बसून पोटभर रडली.