मृदंगासाठी पाच स्पीकर

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता मांडी घालून बसायचं नाही. डॉक्टर एका सांध्याबद्दल बोलत होते. आमच्या घरात त्याचा अर्थ असा झाला, की बाबांचा मृदंग संपला. गिरणीत होते तेव्हा आणि गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केली तेव्हाही, गावच्या जत्रेतल्या दशावताराला मृदंगावर बाबाच बसायचे. यंदाची जत्रा त्यांच्याशिवाय झाली. त्या आठवड्यात ते गावाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. आमच्या बोरिवलीच्या वन रूम किचनमध्ये न बोलणारे बाबा फार जागा अडवतात.

माझ्या चुलतभावाने यंदा मृदंग वाजवला. तो बाबांकडेच शिकलेला. त्याला काय वाटलं कोण जाणे, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या माणसाला बोलावून त्याने अख्खा दशावतार नीट माइक लावून चित्रित करून घेतला आणि पेन ड्राइव्ह गाववाल्याबरोबर पाठवला. मी तो टीव्हीला लावला. बाबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि काठी उचलली.

"ह्यो मृदंग न्हय. डबो."

ते आत गेले. त्यांचं बरोबर होतं. एवढ्या पातळ टीव्हीला छातीच नसते, आवाज कुठून यायचा? तेव्हा दिखाऊ वस्तूंवर आयुष्यभर तोंडसुख घेतलेली मी अंधेरीला होम थिएटर घ्यायला गेले.

दुकानात चपला बाहेर काढायला लावतात. आत काळोख, मखमली खुर्च्या आणि हळू आवाजात बोलणारा विक्रेता. फक्त तीर्थ द्यायचं राहिलं होतं. त्याने एक हेलिकॉप्टर लावलं.

"मॅडम, डोक्यावरून गेलं ना?"

"गेलं. यात मृदंग कसा वाजेल?"

त्याने हेलिकॉप्टर थांबवलं. "मॅडम, यात सगळंच वाजतं. सेटिंग घरी सर करतील ना?"

आमच्याकडे सर नाहीत, मी म्हटलं, एक गुडघा आहे आणि मी आहे.

घरी खोकी उघडली. माहितीपुस्तकातल्या चित्रात सोफा खोलीच्या मधोमध होता आणि त्याच्या मागे दोन स्पीकर. आमच्या सोफ्यामागे भिंत आहे आणि भिंतीमागे शेजाऱ्यांचा ओटा. म्हणून मागचा एक स्पीकर फ्रिजवर गेला, दुसरा चपलांच्या कपाटावर. जड आवाजासाठी जो वेगळा काळा ठोकळा येतो, त्यावर आईने विणलेला रुमाल पसरला. "स्टूल बरा आसा," ती म्हणाली.

वायरी लावता लावता एक जुनं पाप सापडलं. सेट टॉप बॉक्स पाच वर्षं लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या वायरीने जोडलेला होता, म्हणजे चांगल्या टीव्हीवर आम्ही इतके दिवस धुरकट आणि आडवं ताणलेलं चित्र बघत होतो. एचडीएमआयची वायर लावल्याबरोबर आईच्या मालिकेतली सून एकदम सडपातळ झाली.

"बारीक झाली गो ही! आजारी हा काय?"

"नाही आई, आधी आपण तिला फुगवून बघत होतो."

आई टीव्हीजवळ गेली. "आणि ह्या हनवटीवर पुटकुळी. पाच वर्सां लपवल्यान माझ्यापासून."

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. रिमोट पिशवीत असतो, फ्रिजच्या दारावर अजून कंपनीची पारदर्शक पट्टी आहे, सोफ्यावर बसलं की चुरचुरतं. "काढू नको गो, नवा रवता," हे आईचं वाक्य मी जन्मापासून ऐकते. टीव्हीचा आवाज अँप्लिफायरमध्ये नेणारी ती बारीक काळी वायर मी याच संस्कारात जोडली. जरा जोर लावावा लागला, पण बसली.

रविवारी दुपारी चारला बाबांचे दोन गाववाले दहिसरहून आले. शेजारचे काका आले. ते अकोल्याकडचे, टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. बाबा सोफ्याच्या कडेला पाय लांब करून, कुणाच्या तरी घरी भेटायला आल्यासारखे बसले. मी पेन ड्राइव्ह लावला. चित्र असं लख्ख, की राणी झालेल्या नटाची दाढी पावडरीखालून मोजता यावी. आवाज मात्र नाही. राजाने तोंड उघडलं, हात पसरले, तोंड मिटलं.

"राजाक घशाचा झाला काय रे?" एक गाववाला म्हणाला.

"प्रधानाचोपण बसलो," दुसरा म्हणाला. "वाट लागली. अख्ख्या दरबारात साथ इली."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांचा हात काठीकडे गेला. आता ते उठून आत गेले असते, तर पुन्हा या विषयावर बाहेर आले नसते. मी माहितीपुस्तक चाळायला लागले. ते बारा भाषांत होतं, त्यात आपली नव्हती, आणि मला येणाऱ्या भाषेतही ते फक्त अभिनंदन करत होतं.

शेजारच्या काकांनी शांतपणे टीव्हीमागे हात घालून ती काळी वायर उपसली, डोळ्यांजवळ धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, हिच्या तोंडावरचं टोपण काढलंच नाहीस तू."

दोन्ही टोकांना नखाएवढी पारदर्शक प्लास्टिकची टोपणं होती. काका म्हणाले, या वायरीतून वीज जात नाही, उजेड जातो. टोपणं काढून त्यांनी एक टोक टीव्हीत खुपसलं आणि दुसरं तळहातावर धरलं. हातावर तांबडा ठिपका उमटला. आई म्हणाली, "टोपणां टाकू नको हां," आणि ती घेऊन डब्यात ठेवायला गेली.

दुसरं टोक अँप्लिफायरमध्ये गेलं आणि मग मृदंग वाजला. रुमालाखालचा ठोकळा घुमला, फ्रिजवरून झांज आली, कपाटावरून जत्रेतल्या माणसांची कुजबुज. बाबांनी हात वर केला.

"थांबव. पयल्यापासून लाव."

मी पहिल्यापासून लावलं. राजा आला. बाबा पुढे झुकले.

"ह्यो असो दिसता?"

"कोण, बाबा?"

"राजा. मी बाजूक बसंय मा! चाळीस वर्सां त्येचो एक कान नि एक गाल बघलंय. समोरसून असो दिसता ता माका ठावकच नाय."

"अरे मेल्या," गाववाला म्हणाला, "चाळीस वर्सां फुकट बघलंस, ताय अर्धा!"

बाबा मोठ्याने हसले. राक्षसाच्या प्रवेशाला तर त्यांनी काठी आपटली, मला व्हिडिओ तीनदा मागे न्यायला लावला आणि चौथ्या वेळी म्हणाले, फोन लाव. चुलतभावाने फोन उचलल्याबरोबर, कसा आहेस वगैरे काही नाही:

"राक्षसाच्या येळेक घाई करतंस तू. तो पाय टाकता त्येच्या आधी तुझी थाप पडता. समोरसून बरोबर कळता."

पलीकडून तो ओशाळून हसला. "काका, मग पुढल्या वर्सा तुमीच येवा. मांडी नको, मी खुर्ची ठेवतंय."

बाबांनी गुडघ्यावर हात ठेवला. टीव्हीवर राक्षस एक पाय उचलून थांबलेला होता.

"ठेव," ते म्हणाले. "पण मृदंगाकडे नको. समोर ठेव, पयल्या रांगेत. माझी नजर तुझ्या हातार आसतली."

फोन ठेवून त्यांनी मला पुन्हा मागे न्यायला सांगितलं. चहाला उठलेले गाववाले परत बसले.