रत्नमालावैनींचा लोखंडी तवा

हर्सूलच्या रत्नमालाबाई अंगानं भरलेल्या, म्हणून घरातल्या प्रत्येकाला त्यांना शहाणपण शिकवायचा हक्क. जिन्यात धाप लागली की नवरा, बुद्धभूषण, म्हणे, "खाणं आवर." खाणं तरी काय, सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाकरी! तपासणीत रक्तात लोह कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, आणि चक्कर थांबेल या आशेवर बाई त्या नेमानं घेऊ लागल्या.

मग धाकटा दीर अभय मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आला. व्हिडिओ बघितला होता, तोही निम्माच. तेवढ्यात जेवायचं ताट वाढलं, म्हणून.

"वैनी, जाड माणसाच्या मेंदूत लोखंड साठतं, शुगर वाढते! आन् तुम्ही गोळ्या खाताय, वर लोखंडी तव्यावरची भाकर. लई डेंजर!"

हे सांगताना तोंडात नान आणि मटणाचा तेलकट खलिया, पोट टेबलाला टेकलेलं. पण पुरुषाच्या पोटाला आपल्याकडं तब्येत म्हणतात. त्याच्या मेंदूची काळजी कोण करतो?

त्याच संध्याकाळी बुद्धभूषणच्या हातानं गोळ्या कचऱ्यात, तवा माळ्यावर, आणि घरात चकचकीत नॉनस्टिक आला. त्याला मोठी आच सोसत नाही. मंद आचेवर ज्वारीची भाकरी फुगेना, वातड व्हायची. अभय ती चावत म्हणाला, "वैनींचा हात बिघडला."

पुढच्याच आठवड्यात पीठ मळता मळता बाई परातीवरच कलंडल्या.

दवाखान्यात पेशंटच्या आधी अभयच बोलला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लठ्ठपणात मेंदूच्या काही भागांत लोह जास्त दिसतं, हे खरंय. ते कारण की परिणाम, यावर अजून अभ्यास चाललाय. पण मेंदूतलं वेगळं, रक्तातलं वेगळं. वजन जास्त असलं की अंगात लोह नीट शोषलंच जात नाही बऱ्याचदा. यांच्या रक्तात ते नाहीच. गोळ्या कुणी बंद केल्या?"

बुद्धभूषण भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

घरी आल्यावर रत्नमालाबाई खुर्चीत बसल्या. नव्या गोळ्यांचं पाकीट त्यांनी पदराच्या गाठीला बांधलं होतं.

"भावजी, माळ्यावर चढा. तवा काढा माझा."

अभय शिडीवर चढू लागला. दुसऱ्या पायरीलाच धाप लागून, भिंतीला धरून उभा राहिला.

"व्हय ओ," बाई म्हणाल्या, "लोखंड चढलं का काय डोक्यात? व्हिडिओ पुरता बघा आता. भाकरी होईस्तोवर येळ हाय."