ज्वारीच्या धाटांची बैलगाडी

काल झरीच्या रस्त्यावर ताज्या कडब्याचा गोडसर वास आला आणि आईची बालवाडी आठवली.

आई आमच्या गावच्या बालवाडीत बाई होती आणि मी तिच्याच वर्गात. एका रविवारी तिनं मला जवळ बसवून ज्वारीच्या धाटांची बैलगाडी केली. मला वाटलं, माझ्यासाठीच. सोमवारी तिनं ती वर्गात सगळ्या पोरांपुढं ठेवली. शेजारच्या सुमननं लगेच चाकं उपसली.

"आई, ही माझी गाडी मोडायली!" मी ओरडले.

"इथं मी आई न्हाई, बाई हाय. खाली बस," आई म्हणाली. मग सुमनकडं वळून हसली, "शाब्बास! आता जोडून दाखव."

आज कळतं, ती शिकवत होती. पण त्या दुपारी घरी येताना मी तिचं बोट धरलं नाही, आणि तिनंही हात पुढं केला नाही.