माह्या पायाची काढा

धामणगाव बढ्यात सहदेवइतका हट्टी मिस्त्री दुसरा नाही. नवीन पार्ट आणा म्हणून गिऱ्हाइकाला कधी सांगणार नाही. भंगारातल्या मोटरसायकलचा चांगला पार्ट काढून दुसरीला बसवील आणि वर ती पळवून दाखवील. शेजारी म्हणून मी वीस वर्षं त्याला यावरून चिडवत आलो.

त्याची पोरगी अनुपमा कबड्डी खेळायची. पोलीस भरतीचीही तयारी चालली होती. तालुक्याच्या सामन्यात तिचा गुडघा मुरगळून सुजला. आठच दिवसांनी जिल्ह्याची फायनल. ती म्हणाली, "बाबा, पाय लचकते." सहदेव म्हणाला, "पट्टा बांध अन् खेळ. काई होत नाई." दुसऱ्याच चढाईत पोरगी कोसळली. उचलून आणावी लागली.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट पार तुटलंय. दुसरीकडची दोरी, म्हणजे कंडरा, काढून तिथं बसवावी लागेल. नीट बसली तर वर्षभरात पळेल. पुढच्या वर्षीची भरती वयामुळे तिची शेवटची होती.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे मी दोघांना माझ्या गाडीनं नेलं. वाटेत मोताळ्याला थांबलो, तर सहदेव चहाला शिवला नाही. पोरगी उपाशी, तिच्यासमोर कसा पिणार, असं मला वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी अनुपमाला विचारलं, "गुडघ्याच्या वाटीखालची दोरी घेऊ, की मांडीमागची? वाटीखालची खेळाला बरी, पण पुढं गुडघे टेकताना दुखू शकतं."

ती बोलायच्या आधीच सहदेवनं पँट वर केली. पाय साबणानं घासलेला, ब्लेडनं साफ केलेला. "साहेब, माह्या पायाची काढा. कालपासून उपाशी हाओ मी. मले कुठं पळाचं हाये?"

डॉक्टर हसले नाहीत. "काका, दुसऱ्या जिवंत माणसाची आम्ही घेत नाही. तिचीच घ्यावी लागेल."

"चूक माही, अन् कापता पुन्हा तिलेच?" एवढं बोलून तो ढसाढसा रडायला लागला. मला त्याच्याकडे बघवेना.

अनुपमानं वाकून त्याची पँट खाली ओढली. "वाटीखालची घ्या," ती डॉक्टरांना म्हणाली. मग बापाला म्हणाली, "चूक कोनाची, हे मी इचारलं का तुमाले? जा, जेवून घ्या."

दुपारी तिला बाहेर आणलं. पाय पट्ट्यांत गुंडाळलेला. बापाला बघताच तिनं विचारलं, "जेवले ना?"

"हाव. पोटभर."

घरून आणलेला डबा तसाच भरलेला माझ्याच हातात होता. मी तो पाठीमागे धरला.